खाडीपलीकडचे तिसरे मत : पतसंस्थेच्या जोड-सर्व्हरच्या कामाच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

आमच्या पतसंस्थेच्या चार शाखा आहेत. तीन दापोली तालुक्यात, आणि चौथी दाभोळच्या खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात. चारही शाखांची खाती मुख्य कार्यालयातील एकाच सर्व्हरवर चालतात. मागील वर्षी ऐन जूनमध्ये त्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला, सुटा भाग मुंबईहून एसटीच्या पार्सलने येईपर्यंत अडीच दिवस गेले, आणि तेवढे दिवस पिग्मी एजंट आपापला भरणा वहीच्या कागदावर लिहून देत होते. त्या कागदांची जुळवणी पुढे अकरा दिवस चालली. या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे. चाकरमानी गावी आल्यावर आमच्याकडे वर्षातील सर्वांत मोठी गर्दी होते, आणि त्याआधी एक यंत्र पडले तरी काउंटर चालू राहील अशी व्यवस्था उभी करण्याचे काम संचालक मंडळाने माझ्याकडे दिले आहे. मंजूर रक्कम ₹२,१०,००० आहे. किनारपट्टीवरच्या लहान संस्थांपैकी कोणाला हेच काम करायचे असेल तर त्यांना उपयोग व्हावा, म्हणून चुकांसह सर्व नोंदी ठेवत आहे.

आराखडा साधा आहे. दोन सारखे सर्व्हर, त्यांपैकी एका वेळी एकच चालू आणि दुसरा सज्ज. दोन्हीवर डेबियन १२ ही कार्यप्रणाली. माहितीची प्रत डीआरबीडी या साधनाने एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर त्याच क्षणी जाईल, आणि कोणते यंत्र चालू राहावे हे कोरोसिंक व पेसमेकर ठरवतील. सर्व काही दूरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवावे, असे दोन संचालकांचे मत होते. परंतु पावसाळ्यात रस्त्याकडेची फायबर तुटली की आम्ही दोन-दोन दिवस जगापासून तुटतो, आणि त्या दिवसांतही किमान मुख्य कार्यालयाचा काउंटर चालला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले.

आज केवळ मोजमाप केले. जुना यूपीएस दीड तास चालतो असे सर्वजण समजून होते. प्रत्यक्ष भार देऊन मोजला तेव्हा तो २२ मिनिटांत बंद पडला. गेल्या वर्षी घेतलेला दुसरा यूपीएस ठीक आहे.

१४ जून, शुक्रवार

नूतनीकरण केलेले दोन सर्व्हर आले, प्रत्येकी ₹६९,०००. डिस्क चार, प्रत्येकी ₹१०,५००. एकाच कंपनीच्या चार डिस्क दुकानात नव्हत्या, म्हणून दोन एका कंपनीच्या आणि दोन दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या. चारही डिस्कवर ९६० जीबी असेच छापलेले असल्यामुळे मी पुढचा विचार केला नाही.

पहिल्या सर्व्हरवर संपूर्ण डिस्क डीआरबीडीला देऊन त्यावर चाचणीचा डेटाबेस भरला. त्यानंतर दुसरा सर्व्हर जोडला, तर समोरच्याची डिस्क फार लहान आहे असा संदेश देऊन त्याने जोडणीच नाकारली. दोन कंपन्यांच्या ९६० जीबीमध्ये थोडासा फरक निघाला, आणि नेमकी लहान डिस्क दुसऱ्या बाजूला होती. सर्व पुसून दोन्हीकडे एलव्हीएमने, म्हणजे डिस्कचे हव्या त्या आकाराचे भाग पाडणाऱ्या साधनाने, नेमका ८०० जीबीचा भाग कापला आणि तोच डीआरबीडीला दिला. एक दिवस गेला. उद्या एखादी डिस्क बिघडली आणि तिच्या जागी तिसऱ्याच कंपनीची मिळाली तरी आता अडचण येणार नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

१९ जून, बुधवार

दोन सर्व्हरमध्ये थेट एक केबल टाकली आहे, जिच्यावरून केवळ डिस्कची प्रत जाईल. पहिली संपूर्ण प्रत साधारण दोन तासांत व्हायला हवी होती. यंत्र वीस तासांचा अंदाज दाखवत होते. मी दीड दिवस डीआरबीडीच्या वेगाच्या सेटिंग्ज बदलत बसलो, आणि त्यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही.

आज सकाळी सहज जोडणीचा वेग पाहिला, तर तो १००० ऐवजी १०० मेगाबिट होता. केबल काढून तिचे टोक खिडकीच्या उजेडात धरले. आठ पिनांपैकी तीन पिनांवर हिरवट पूड चढली होती, आणि नखाने खरवडल्यावर खालचे तांबे दिसले. ही केबल गेले दोन पावसाळे खिडकीजवळच्या खोक्यात पडून होती. गिगाबिट जोडणीला तारांच्या चारही जोड्या लागतात आणि १०० मेगाबिटला दोन पुरतात, त्यामुळे अशी केबल पूर्ण बंद पडत नाही, ती गुपचूप खालच्या वेगावर येते. नवी केबल लावल्यावर प्रत दोन तास पाच मिनिटांत पूर्ण झाली.

त्यानंतर कार्यालयातील प्रत्येक केबलचे टोक पाहिले आणि सात केबली बाद केल्या. सुट्या केबली आता झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या आहेत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कार्यालयात हा खर्च सर्वांत आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२६ जून, बुधवार

क्लस्टर, म्हणजे एकत्र बांधलेली दोन सर्व्हरची जोडी, उभा राहिला. डिस्क, फाइल सिस्टिम, पोस्टग्रेस (खात्यांचा डेटाबेस चालवणारी प्रणाली) आणि काउंटर ज्या पत्त्याशी बोलतात तो आयपी पत्ता, हे सर्व एका गटात बांधले आहे, म्हणजे ते एकत्रच एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात. हाताने आज्ञा देऊन केलेली बदली १९ सेकंदांत झाली. व्यवस्थापक साहेबांना बोलावून दोनदा करून दाखवली.

एक गोष्ट येथे लिहून ठेवतो. फेन्सिंग, म्हणजे समोरचे यंत्र खरोखर बंद झाले आहे याची खात्री करून घेण्याची सोय, मी तूर्त बंद ठेवली आहे. ती सुरू असताना पेसमेकर सतत इशारे देत होता आणि पुढे जाऊ देत नव्हता. नंतर लावू, असे ठरवले आहे.

३ जुलै, बुधवार

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण या कामातील सर्वांत मोठी चूक आज समोर आली, आणि ती वरच्या नोंदीच्या शेवटच्या वाक्यात आहे.

कार्यालयात दोन नेटवर्क स्विच आहेत. पहिला सर्व्हर पहिल्या स्विचवर, दुसरा दुसऱ्यावर, आणि दोन्ही स्विच एका केबलने जोडलेले. रोखपाल ताई चाचणीच्या डेटाबेसवर नेहमीसारख्या नोंदी करत होत्या. त्यांचा संगणक पहिल्या स्विचवर होता. माझा लॅपटॉप दुसऱ्या स्विचवर होता. मी आधी दोन सर्व्हरमधली थेट केबल काढली, आणि मग दोन स्विचमधली केबलही काढली. एखादा पंप बसवणारा किंवा रंगारी भिंतीत भोक पाडताना हे दोन्ही एका क्षणात करू शकतो, म्हणून ही चाचणी मला आवश्यक वाटली होती.

पडद्यावर काहीच वाईट दिसले नाही. ताईंचे काम अडले नाही. माझ्याही लॅपटॉपवर काही सेकंदांच्या विरामानंतर सर्व सुरळीत चालू झाले. मी तीन नोंदी केल्या, ताईंनी तेवढ्या वेळात चौदा केल्या, आणि आम्हा दोघांनाही पावत्या मिळाल्या. मग मी ताईंना शेवटचा पावती क्रमांक विचारला, आणि त्यांनी सांगितलेला क्रमांक व माझ्या हातातल्या एका पावतीचा क्रमांक एकच निघाला, खातेदार मात्र निराळे होते.

समोरचे यंत्र दिसेनासे झाल्यावर दुसऱ्या सर्व्हरने ते मेले असे धरले, तोच पत्ता स्वतःकडे घेतला आणि डेटाबेस सुरू केला. पहिला सर्व्हर जिवंतच होता. एका संस्थेच्या दोन खातेवह्या झाल्या, दोन्ही आपापल्या परीने बरोबर, आणि दोन्हींची शिल्लक वेगळी. केबली परत लावल्यावर डीआरबीडीने दोन्ही बाजू भिन्न झाल्याचे ओळखून जोडणी तोडली आणि निर्णय माझ्यावर सोडला. कोणती तरी एक बाजू टाकून देणे एवढाच पर्याय असतो. दोन डिस्कची बेरीज करता येत नाही. मी माझी बाजू टाकली आणि तीन नोंदी पुन्हा हाताने भरल्या. आज त्या तीन होत्या आणि खोट्या होत्या. गणपतीच्या आठवड्यात अर्ध्या तासात त्या दोनशे असत्या, आणि त्यामागे लोकांनी काउंटरवरून मोजून नेलेली रोकड असती.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रॅमरांचे कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाच्या अमेरिकेतील दोन ठिकाणांमधला संपर्क केवळ ४३ सेकंद तुटला होता. तेवढ्यात दोन्हीकडच्या डेटाबेसमध्ये एकमेकांकडे नसलेल्या नोंदी झाल्या, आणि सर्व पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. त्यांनी माहिती जपण्यासाठी तो उशीर पत्करला. पतसंस्थेलाही तोच क्रम पाळावा लागेल: काउंटर तासभर बंद राहिला तर लोकांची क्षमा मागता येते, परंतु एकाच खात्याच्या दोन शिलका निघाल्या तर लेखापरीक्षकांपुढे आणि ठेवीदारांपुढे उभे राहता येत नाही. फेन्सिंगशिवाय हा क्लस्टर एक मिनिटही चालवायचा नाही, असे आज ठरले.

८ जुलै, सोमवार

दोन्ही सर्व्हरमध्ये आयपीएमआय आहे, म्हणजे मुख्य यंत्र बंद असतानाही चालणारा एक लहान नियंत्रक, ज्याला नेटवर्कवरून आज्ञा देऊन यंत्राची वीज तोडता येते. पहिल्याच्या आयपीएमआयची केबल दुसऱ्या स्विचमध्ये आणि दुसऱ्याची पहिल्यात लावली, म्हणजे स्विच एकमेकांपासून तुटले तरी प्रत्येक सर्व्हर समोरच्याला बंद करू शकेल.

पहिल्या चाचणीत दोघांनीही एकाच क्षणी एकमेकांना बंद केले आणि खोलीत शांतता पसरली. पहिल्या सर्व्हरला बंद करण्याच्या आज्ञेवर १० सेकंदांचा विलंब लावला, त्यामुळे अशा प्रसंगी आता नेहमी पहिलाच वाचतो. दुसरी अडचण अशी की बंद होण्याची आज्ञा मिळालेला सर्व्हर रीतसर, एकेक सेवा थांबवत ३८ सेकंदांनी बंद होत होता. वीज तोडण्याच्या आज्ञेला कार्यप्रणाली हे बटण दाबल्यासारखे समजून सावकाश आवरते घेत होती. बटणाकडे दुर्लक्ष करण्याची सेटिंग केल्यावर यंत्र ४ सेकंदांत बंद पडू लागले.

१२ जुलै, शुक्रवार

अध्यक्ष साहेब चाचणी पाहण्यास येणार होते, आणि मी नेमका खाडीपलीकडच्या शाखेत होतो. सकाळपासून मुसळधार पाऊस होता. १०.४० ला मुख्य कार्यालयाची वीज गेली. २२ मिनिटांनी जुना यूपीएस बंद झाला आणि त्याच्यावरचा पहिला सर्व्हर गेला. दुसरा सर्व्हर नव्या यूपीएसवर सुरक्षित चालू होता, परंतु त्याने डेटाबेस सुरू केला नाही. खऱ्या खात्यांचे काम अजून जुन्याच सर्व्हरवर असल्यामुळे ग्राहकांचे काही अडले नाही, मात्र अध्यक्षांसमोर नवी व्यवस्था १ तास ५० मिनिटे बंद होती.

कारण मला फोनवर बोलतानाच कळले. आयपीएमआयचा नियंत्रक सर्व्हरच्याच पॉवर सप्लायवर चालतो. सर्व्हरची वीज पूर्ण गेली की तोही जातो. दुसरा सर्व्हर त्याला पुन्हा पुन्हा आज्ञा देत होता, उत्तर येत नव्हते, आणि उत्तर नाही म्हणजे समोरचा मेला असे धरायचे नाही हे तर मीच ३ जुलैला ठरवले होते. यंत्राचे वागणे अगदी बरोबर होते. आमच्या भागात यंत्र बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण वीज जाणे हेच आहे, आणि नेमक्या त्याच प्रसंगी निरुपयोगी ठरणारी फेन्सिंग मी बसवली होती.

अशा वेळी माणसाने डोळ्यांनी खात्री करून, समोरचे यंत्र बंद आहे, असे क्लस्टरला हाताने सांगता येते. लाटांमुळे फेरीबोट थांबली होती, त्यामुळे मी पलीकडेच अडकलो. रोखपाल ताईंना फोन लावला.

“ताई, डावीकडच्या सर्व्हरवरचा एक तरी दिवा चालू आहे का?”

“एकही नाही.”

“पंख्याचा आवाज? हात लावून पाहा.”

“आवाज येतोय, पण तो उजवीकडच्याचा असेल. थांबा, मी डावीकडच्याच्या दोन्ही वायरीच काढून टाकते, म्हणजे शंकाच नको.”

मला हे सुचले नव्हते. वायरी काढल्यावर त्यांनी मी सांगितलेली आज्ञा अक्षर अक्षर टंकली आणि १५ सेकंदांत डेटाबेस सुरू झाला. वायरी काढणे ही पायरी आता आमच्या लिखित पद्धतीत आहे, कारण चालू असलेल्या यंत्राविषयी ते बंद आहे असे सांगितले तर ३ जुलैचाच प्रसंग उद्भवेल. जुन्या यूपीएसच्या आठही बॅटऱ्या बदलल्या, ₹१९,२००.

१६ जुलै, मंगळवार

नवा मार्ग ठरला. प्रत्येक सर्व्हरच्या मदरबोर्डवर वॉचडॉग असतो, ज्याला ठरावीक वेळात ‘मी ठीक आहे’ असे कळवले नाही तर तो यंत्र सक्तीने बंद करून पुन्हा सुरू करतो. एसबीडी हे साधन त्याचा उपयोग असा करते की ज्या सर्व्हरकडे बहुमत उरलेले नाही तो स्वतःलाच पाडतो. बहुमत असलेल्या बाजूने तेवढा वेळ थांबायचे आणि मग निःशंकपणे काम हाती घ्यायचे. समोरच्याची वीज गेली असली तरी हे चालते, कारण समोरच्याकडून उत्तराची अपेक्षाच नसते. आयपीएमआय पहिली पायरी म्हणून ठेवला, ती फसली तर वॉचडॉग.

परंतु दोघांत बहुमत होत नाही. तिसरे मत हवे, आणि ते त्याच खोलीत असून उपयोग नाही.

याच आठवड्यात अर्थिंगही तपासले. न्यूट्रल आणि अर्थ यांत ११ व्होल्ट येत होते. आमच्या जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगले लागत नाही. परसात नवा खड्डा खणून कोळसा-मीठ भरून पट्टी उतरवली, ₹९,५००, आणि आता २ व्होल्टच्या आत आले आहे. मात्र हे माप भर पावसात, चिंब मातीत घेतले आहे. मे महिन्यात कातळ तापून कोरडा पडल्यावर ते पुन्हा घ्यावे लागेल.

२२ जुलै, सोमवार

तिसरे मत देणारा लहान रास्पबेरी पाय संगणक प्लॅस्टिकच्या जेवणाच्या डब्यात घालून फेरीबोटीने धोपाव्याला उतरवला आणि गुहागर तालुक्यातील शाखेत बसवला. तेथे फायबर दुसऱ्या कंपनीची आहे, वीजवाहिनीही वेगळी आहे. या संगणकावर खात्यांची काहीही माहिती नाही. दोन सर्व्हर एकमेकांना दिसेनासे झाले की कोणी चालू राहावे एवढेच तो सांगतो. पूर्वीची केवळ दोन यंत्रांसाठीची सेटिंग काढावी लागली, कारण ती आणि तिसरे मत एकत्र चालत नाहीत.

२६ जुलै, शुक्रवार

नोंदवहीत दिसले की तिसरे मत रोज संध्याकाळी ६.१० च्या सुमारास नाहीसे होते आणि सकाळी ९.५० ला परत येते. दोन्ही सर्व्हर चालू असताना तीनपैकी दोन मते शिल्लक असतात, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही. रात्री एखादा सर्व्हर पडला असता तर दुसराही थांबला असता.

तेथील शिपाईकाकांना फोन केला. ते म्हणाले, “साहेब, विजा पडतात म्हणून संध्याकाळी मेन स्विच पाडूनच कुलूप लावायचं, ही पहिल्यापासूनची रीत आहे. मागे एकदा राहिला, तर टीव्ही आणि पंखा दोन्ही गेले.”

काकांचे म्हणणे रास्त आहे आणि ती रीत बदलण्याचा मला अधिकार वाटत नाही. फायबरची पेटी, राउटर आणि लहान संगणक मिळून २० वॅट घेतात. पंधरा तासांना सुमारे २५ अँपिअर-तास लागतात, म्हणून १२ व्होल्ट ४२ अँपिअर-तासांची बॅटरी आणि दिवसा भरणारा ५ अँपिअरचा चार्जर बसवला. काका पूर्वीप्रमाणेच मेन स्विच पाडतात. रात्रभर ही तीन यंत्रे विजेच्या लाईनपासून अलग राहतात, आणि विजांच्या दृष्टीने तेच अधिक सुरक्षित आहे. संगणक, बॅटरी, चार्जर मिळून ₹१६,८०० झाले.

२९ जुलै, सोमवार

दुसरा सर्व्हर मुद्दाम बंद केला, तर काही सेकंदांत पहिल्यानेही स्वतःला पाडले. तीन तास कारण शोधण्यात गेले. वॉचडॉगची मुदत मी मूळची ५ सेकंदच ठेवली होती, आणि तिसऱ्या मताच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत ३० सेकंद असते. खाडीपलीकडची जोडणी त्या वेळी मंद होती. उत्तर येण्याआधीच पहिल्या सर्व्हरने आपल्याकडे बहुमत नाही असे धरले. वॉचडॉगची मुदत ३५ सेकंद केली आणि वाचलेल्या बाजूने थांबण्याचा काळ ७० सेकंद.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. आयपीएमआय उत्तर देत असेल तर बदली ३५ ते ४० सेकंदांत होते, वीज पूर्ण गेली असेल तर दोन मिनिटांच्या जवळपास. संचालकांनी हा काळ कमी करता येईल का असे विचारले. आकडे लहान करून तो कमी करता येतो, परंतु खाडीपलीकडचा सिग्नल पावसात मंदावला की निरोगी यंत्रे आपोआप पडू लागतील, आणि तो धोका मी घेणार नाही, असे सांगितले. त्यांनी ते मानले.

४ ऑगस्ट, रविवार

खरी खाती नव्या व्यवस्थेवर आणली. सकाळी ८ ते दुपारी २. चारही शाखांची शिल्लक पैशापर्यंत जुळली. १ ऑगस्टपासून मासेमारी पुन्हा सुरू झाल्यामुळे बंदरावरच्या शाखेत सोमवारी गर्दी होईल.

९ ऑगस्ट, शुक्रवार

एका शाखेत जुलैअखेरचे कर्जावरील व्याज चुकून दोनदा आकारले गेले. चूक त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही अचूक उतरली, कारण ते तिचे कामच आहे. जोड-सर्व्हर आल्यामुळे रात्रीचा बॅकअप आता कशाला, असे मला दोघांनी विचारले होते. आज त्याच बॅकअपवरून आणि पोस्टग्रेसच्या साठवलेल्या व्यवहार-नोंदींवरून डेटाबेस ११.४० च्या स्थितीला परत नेला. सव्वादोन तास काम बंद राहिले. आजच्या प्रसंगात क्लस्टरचा काडीइतका उपयोग झाला नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

सर्व कर्मचाऱ्यांसह सराव. चालू सर्व्हरच्या वायरी ओढल्या: १ मिनिट ४८ सेकंद. थेट केबल काढली: काम अडले नाही. स्विचमधली केबलही काढली: पहिला वाचला, दुसरा पडला, एकच खातेवही राहिली. या निकालासाठी मी ३ जुलैपासून काम करत होतो.

हाताने केलेली बदली मात्र फसली. पोस्टग्रेसला थांबण्यासाठी मी २० सेकंद दिले होते. खऱ्या भाराखाली त्याला थांबण्यापूर्वी सर्व काही डिस्कवर उतरवण्यास अधिक वेळ लागला. थांबवण्याची क्रिया फसली की पेसमेकर ते यंत्रच पाडतो, कारण अर्धवट थांबलेला डेटाबेस मागे ठेवता येत नाही. मुदत १२० सेकंद केली.

बदलीनंतर काउंटरवरचे पडदे गोठून राहतात, असेही आढळले. जुनी जोडणी मेली आहे हे त्यांना कितीतरी वेळ कळतच नाही. प्रणाली बंद करून पुन्हा उघडली की लगेच चालते. तशी सूचना प्रत्येक काउंटरवर चिकटवली आहे: दोन मिनिटे थांबा, प्रणाली पुन्हा उघडा, शेवटची पावती छापली गेली होती का ते आधी पाहा.

४ सप्टेंबर, बुधवार

गणपतीला तीन दिवस. रांग दाराबाहेर पायरीपर्यंत होती. ११.२० ला वीज गेली, लगेच आली, पुन्हा गेली, आणि त्या झटक्यात जुना यूपीएस आतला रिले चिकटल्याने पूर्ण बंद झाला. बॅटऱ्या नव्या असूनही तो बंद झाला. पहिला सर्व्हर गेला, त्याचा आयपीएमआय गेला. मी खोलीत उभा होतो आणि कशालाही हात लावला नाही. १ मिनिट ५२ सेकंदांनी दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेस सुरू झाला.

रोखपाल ताईंनी दोन व्यवहार माझ्यासमोर तपासले. वीज जाण्यापूर्वी काही क्षण एका आजींना ₹१५,००० दिले होते आणि पावती छापली गेली होती. तो व्यवहार दुसऱ्या सर्व्हरवर त्याच पावती क्रमांकासह होता, कारण दोन्ही डिस्कवर लिहिले गेल्याशिवाय डेटाबेस पावतीला होकारच देत नाही. पुढच्या खातेदाराची रक्कम ताईंनी भरली होती, पण पावती आलेली नव्हती. तो व्यवहार कुठेही नव्हता. त्यांनी तो नव्याने भरला आणि मग पैसे मोजून दिले. दुपारी रोकड जुळली.

१६ सप्टेंबर, सोमवार

यूपीएस दुरुस्त होऊन आल्यावर पहिला सर्व्हर ६ सप्टेंबरला जोडला होता. मधल्या काळात बदललेलाच भाग त्याने उतरवून घेतला, ६ मिनिटे. काम आपोआप त्याच्याकडे परत जाऊ नये अशी सेटिंग ठेवली आहे. दर वेळी उगाच दुसरी बदली कशाला. गौरी-गणपतीचे सर्व दिवस दुसऱ्याच सर्व्हरवर काम झाले.

एकूण खर्च ₹२,३१,९०० झाला: सर्व्हर १,३८,०००, डिस्क ४२,०००, बॅटऱ्या १९,२००, खाडीपलीकडचे साहित्य १६,८००, अर्थिंग ९,५००, केबली आणि सुटा स्विच ६,४००. मंजुरीपेक्षा ₹२१,९०० अधिक, आणि त्यातील बराचसा भाग बॅटऱ्यांचा आहे, ज्या मी पहिल्या अंदाजपत्रकात धरल्याच नव्हत्या. माझ्या चुकांत वाया गेलेले पूर्ण दिवस सात.

अर्थिंगचे माप मे महिन्यात घ्यायचे आहे. जुना यूपीएस दिवाळीपूर्वी बदलण्याचा प्रस्ताव दिला आहे. पुढचा सराव रविवार, ६ ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी वायरी रोखपाल ताई ओढतील, भिंतीवर लावलेला पद्धतीचा कागद पाहून पुढचे सर्व त्याच करतील, आणि मी सकाळच्या फेरीने पलीकडे जाऊन फोन बंद ठेवणार आहे.